स्पॅनिश वाचायला शिकायचंय? मेक्सिकोच्या शिक्षकांची परीक्षा वाचा

स्पॅनिशचे दोन वर्ग पार पडले, क्रियापदं चालवता येतात, ओळख करून देता येते, जेवण मागवता येतं. पण वर्तमानपत्र उघडलं की पहिल्याच परिच्छेदात दम लागतो. भाषेच्या युरोपीय पातळ्यांत प्राथमिक ए-२ संपून मध्यम बी-१ सुरू होतं तिथे बहुतेकांची गाडी अशी अडते. मग सल्ला मिळतो, रोज एक बातमी वाचा. सल्ला वाईट नाही, पण आपण आज फुटबॉल वाचतो, उद्या निवडणूक, परवा भूकंप. काल कोशात शोधलेला शब्द आज भेटतच नाही आणि चार दिवसांत विसरला जातो. त्यापेक्षा एकच विषय धरावा आणि महिना-दोन महिने तोच वाचावा. तेच तीस-चाळीस शब्द फिरून फिरून समोर येतात आणि पाठ न करता डोक्यात बसतात.

माझं मत विचाराल तर तो विषय असावा शिक्षण, आणि त्यातही मेक्सिकोमधली शिक्षकांची परीक्षा. २०१३ ते २०१९ या काळात हा वाद तिथे इतका पेटला की त्यावर स्पॅनिशमध्ये ढीगभर मजकूर पडून आहे, आणि गोष्टीला सुरुवात, मध्य, शेवट सगळं आहे. शिवाय मराठी वाचकाला हा वाद परका नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सेवेत असलेल्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावी. त्यानंतर महाराष्ट्रातल्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटांत जे प्रश्न फिरले, तेच मेक्सिकोत बारा वर्षं आधी रस्त्यावर विचारले गेले होते. वीस वर्षं शिकवणाऱ्याची पुन्हा परीक्षा कशाला? नापास झाला तर नोकरीचं काय? आशय ओळखीचा असला की अनोळखी भाषा निम्मी सोपी होते.

आधी शिडी लक्षात घ्या

शिक्षणाची बातमी शब्दकोश घेऊन वाचली तरी चुकते, कारण इयत्तांची मांडणी डोक्यात नसते. मेक्सिकोत ती अशी: वयाची तीन ते पाच वर्षं प्रेएस्कोलार, म्हणजे आपली बालवाडी, मग सहा वर्षांची प्रिमारिआ, मग तीन वर्षांची सेकुन्दारिआ. या तिन्हींना मिळून ‘एदुकासिओन बासिका’, मूलभूत शिक्षण. सेकुन्दारिआ संपते तेव्हा मुलाची प्रिमारिआपासूनची शाळेची नऊ वर्षं पूर्ण झालेली असतात, म्हणजे तो आपल्या नववीशी पोचलेला असतो. पुढची तीन वर्षं बाचियेरातो, जिला बोलीत सरळ ‘प्रेपा’ म्हणतात. इंग्रजीमुळे बाचियेरातो हा शब्द पदवीचा वाटतो, पण तो पदवीच्या आधीचा आहे. पदवी म्हणजे लिसेन्सिआतुरा.

सेकुन्दारिआ सक्तीची झाली १९९३ मध्ये आणि बाचियेरातो २०१२ मध्ये. हे साल लक्षात असलं की आकडे बोलू लागतात. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोचा ‘ग्रादो प्रोमेदिओ दे एस्कोलारिदाद’ ९.७ निघाला. शब्द भारदस्त आहेत, अर्थ सोपा: पंधरा वर्षांवरच्या माणसाने सरासरी किती वर्षं शाळा केली. ९.७ म्हणजे सरासरी माणूस सेकुन्दारिआ ओलांडून प्रेपाच्या उंबरठ्यावर उभा आहे. २०१० मध्ये हाच आकडा ८.६ होता, म्हणजे तेव्हा तो सेकुन्दारिआच्या आतच थांबला होता. आता राज्यं बघा. मेक्सिको सिटी ११.५, वाहाका ८.१, चियापास ७.८. राजधानीतला माणूस प्रेपाच्या शेवटच्या वर्षात, तर चियापासमधला सेकुन्दारिआही पूर्ण न केलेला. शिक्षकांच्या परीक्षेला सर्वांत कडवा विरोध वाहाका आणि चियापासमधून झाला, हा योगायोग नाही, त्याकडे येतोच.

(वाहाका हे ‘ओ, ए, एक्स, ए, सी, ए’ असं लिहितात. मेक्सिकोतला ‘एक्स’ कित्येकदा ‘ह’ होतो. देशाचं नावही तिथे ‘मेहिको’ असंच म्हणतात. आणि ‘व्ही’चा उच्चार ‘ब’. म्हणून मूल्यमापनाचा स्पॅनिश शब्द मी इथे एबालुआसिओन असा लिहिणार आहे. शोधताना मात्र ‘व्ही’ने शोधा.)

आकड्यांबाबत आणखी एक. मेक्सिकोचे पेपर दशांशासाठी टिंब वापरतात, स्पेनचे स्वल्पविराम. त्यामुळे माद्रिदच्या पेपरात ९ नंतर स्वल्पविराम आणि ७ दिसला तर गोंधळू नका, तो ९.७ च आहे. बातमीदारांना टक्क्यांपेक्षा ‘सेइस दे कादा दिएस’ जास्त आवडतं, म्हणजे दर दहांपैकी सहा. ही रचना एकदा कळली की शिक्षणाच्या बातमीतले बरेचसे मथळे उलगडतात.

गोष्ट काय होती

एन्रिके पेन्या निएतो १ डिसेंबर २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले आणि दुसऱ्याच दिवशी तीन मोठ्या पक्षांनी मिळून सुधारणांचा करार जाहीर केला. त्यात शिक्षण पहिल्या रांगेत होतं. कारण सांगितलं गेलं ते असं: शिक्षकाची कायम जागा, जिला तिथे ‘प्लासा’ म्हणतात, ती गुणवत्तेवर मिळत नाही. ती विकली जाते, संघटनेच्या मर्जीने वाटली जाते, आई निवृत्त झाली की मुलीला मिळते. यात तथ्य होतं. शाळेत न येता पगार उचलणाऱ्यासाठी मेक्सिकोत खास शब्दच आहे, ‘आबिआदोर’, शब्दशः वैमानिक. देशात नेमके शिक्षक किती आणि कुठे, याची भरवशाची यादीही सरकारकडे नव्हती. म्हणून २०१३ च्या शेवटी सांख्यिकी संस्थेला, म्हणजे इनेगीला, शाळा-शिक्षकांची स्वतंत्र गणना करावी लागली. ज्या राज्यांत विरोध होता तिथल्या कित्येक शाळांनी गणकांना दारातूनच परत पाठवलं.

शिक्षकांची संघटना एसएनटीई १९४३ मध्ये स्थापन झाली. लॅटिन अमेरिकेतली ती सर्वांत मोठी कामगार संघटना मानली जाते. १९८९ पासून तिची सूत्रं एल्बा एस्तेर गोर्दियो यांच्या हाती होती. शिक्षणसुधारणेची घटनादुरुस्ती जारी झाली आणि दुसऱ्याच दिवशी, २६ फेब्रुवारी २०१३ रोजी, गोर्दियोंना तोलुका विमानतळावर अटक झाली. संघटनेचा पैसा स्वतःसाठी वापरल्याचा आरोप होता. २०१८ मध्ये त्या सुटल्या.

इथे नवशिका वाचक हमखास फसतो. बातम्यांत एसएनटीई येते आणि सीएनटीई येते. फरक एका अक्षराचा, भूमिका मात्र उलट. सीएनटीई, जिला पेपर ‘ला कोओर्दिनादोरा’ म्हणतात, ती १९७९ मध्ये चियापासमध्ये उभी राहिली. मोठ्या संघटनेतलाच हा बंडखोर गट. वाहाका, चियापास, मिचोआकान, गेरेरो ही त्याची राज्यं. गोर्दियो तुरुंगात गेल्यावर एसएनटीईने सरकारशी जुळवून घेतलं, कोओर्दिनादोराने नाही. त्यामुळे ‘संघटनेचा पाठिंबा’ आणि ‘शिक्षकांचा मोर्चा’ एकाच दिवशी एकाच पानावर दिसले तर दोन्ही खरं असू शकतं. वाचताना पहिलं अक्षर बघा.

सप्टेंबर २०१३ मध्ये शिक्षकसेवेचा नवा कायदा आला. त्यातले चार शब्द पाठच करा, कारण पुढची सहा वर्षं बातम्या त्यांच्याभोवतीच फिरतात: इंग्रेसो, प्रोमोसिओन, रेकोनोसिमिएन्तो, पेर्मानेन्सिआ. नोकरीत प्रवेश, बढती, गौरव आणि नोकरीत टिकणं. पहिल्या तीन बाबतींतल्या परीक्षेवर फारसं रक्त आटलं नाही. प्रवेशपरीक्षेत उमेदवार ‘इदोनेओ’ ठरतो किंवा ‘नो इदोनेओ’, पात्र किंवा अपात्र, आणि पात्रांची गुणानुक्रमे यादी लागते, ‘लिस्ता दे प्रेलासिओन’. आपल्याकडे भरतीच्या मेरिट लिस्टकडे डोळे लावून बसलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

आग लागली ती चौथ्या शब्दाला. पेर्मानेन्सिआचा अर्थ असा की आधीपासून सेवेत असलेल्यांचंही मूल्यमापन होणार. नापास झालात तर प्रशिक्षण आणि पुन्हा संधी, एकूण तीन. तिसऱ्यांदा नापास झालं तर जुन्या कायम शिक्षकाला वर्गातून काढून दुसरं काम किंवा निवृत्तीचा पर्याय. नव्याने लागलेल्याला थेट घरचा रस्ता. आणि परीक्षेला बसायलाच नकार दिला, तर जुना असो की नवा, नोकरी गेली. या शेवटच्या अटीमुळे विरोधकांनी या सगळ्याला ‘एबालुआसिओन पुनितिबा’ म्हटलं, शिक्षा करणारी परीक्षा. हा शब्दप्रयोग बातमीत दिसला की समजा, बोलणारा विरोधी बाजूचा आहे. सरकारी पत्रकात तो सापडणार नाही.

मूल्यमापन म्हणजे एकच पेपर नव्हता. मुख्याध्यापकाचा अहवाल, मुलांच्या वह्या आणि कामाचे नमुने जोडलेली ‘एस्पेदिएन्ते दे एबिदेन्सिआस’, म्हणजे पुराव्यांची फाइल, संगणकावरची ज्ञानाची परीक्षा, आणि पाठाचं नियोजन करून त्याचं समर्थन लिहिणं. पहिली फेरी २०१५ च्या अखेरीस झाली. काही राज्यांत परीक्षाकेंद्रांभोवती केंद्रीय पोलिसांचा गराडा होता. निकालाच्या चार पायऱ्या: इन्सुफिसिएन्ते, सुफिसिएन्ते, बुएनो, देस्ताकादो. सुमारे १५ टक्के सर्वांत खालच्या पायरीवर राहिले. परीक्षेलाच न बसलेल्या तीन हजारांहून जास्त शिक्षकांना २०१६ मध्ये सेवेतून काढल्याचं सरकारने जाहीर केलं.

विरोधकांचं म्हणणं केवळ नोकरी वाचवण्याचं होतं असं समजणं सोपं आहे, पण ते अर्धवट ठरेल. वाहाकाच्या डोंगरात एकच शिक्षक सहा इयत्ता सांभाळतो, वर्गातली मुलं घरी सापोतेक किंवा मिश्तेक बोलतात. अशा शाळेला तिथे ‘मुल्तिग्रादो’ म्हणतात. आपल्याकडे एकशिक्षकी, द्विशिक्षकी शाळा ज्यांनी पाहिल्यात त्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल. खेड्यापाड्यांत सेकुन्दारिआ चालते ती बरेचदा ‘तेलेसेकुन्दारिआ’: १९६८ मध्ये सुरू झालेली पद्धत, टीव्हीवर धडा आणि सगळ्या विषयांना मिळून एक शिक्षक. हा शिक्षक आणि राजधानीतल्या सुसज्ज शाळेतला शिक्षक एकाच मापाने मोजायचे का, हा प्रश्न खोटा नव्हता. मला दोन्ही बाजू पटतात. प्लासा विकल्या जात होत्या हे खरं, आणि एका साच्याची परीक्षा हा त्यावरचा आळशी उपाय होता हेही खरं.

१९ जून २०१६ रोजी वाहाकातल्या नोचिश्त्लान इथे रस्ता अडवलेल्या आंदोलकांवर पोलीस चालून गेले, गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या आठवड्यातल्या बातम्या वाचायला जड आहेत, भाषेने नव्हे, आशयाने. पुढे आन्द्रेस मानुएल लोपेस ओब्रादोर ही सुधारणा रद्द करण्याचं आश्वासन देऊन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. नवी घटनादुरुस्ती प्रसिद्ध झाली १५ मे २०१९ रोजी, म्हणजे मेक्सिकोच्या शिक्षकदिनी. नोकरी टिकवण्याशी जोडलेली परीक्षा गेली. प्रवेश आणि बढतीसाठीची निवडप्रक्रिया नव्या नावाने राहिली.

आता वाक्यांकडे

मेक्सिकोच्या मथळ्यांत क्रियापद पुढे येतं आणि कर्ता मागे: ‘मार्चान माएस्त्रोस एन वाहाका’. शब्दशः ‘मोर्चा काढतात शिक्षक वाहाकात’. काल काढलेला असला तरी काळ वर्तमानच. पाठ्यपुस्तकात शिकलेला कर्ता-क्रियापद-कर्म हा क्रम मथळ्यात शोधत बसलात तर शिक्षक हे कर्म वाटू लागतील. मराठीत क्रम तसाही लवचीक असल्याने आपल्याला याची सवय लवकर होते, हा आपला फायदा.

दुसरी अडचण सरकारी वाक्यांची. नमुन्यासाठी मी रचलेलं एक: ‘लोस दोसेन्तेस के नो से प्रेसेन्तेन सेरान सेपारादोस देल सेर्बिसिओ’. इंग्रजीतून अर्थ लावायला गेलात तर लटपटाल. शासन निर्णयाच्या मराठीत आणा: ‘जे शिक्षक हजर राहणार नाहीत त्यांना सेवेतून कमी करण्यात येईल.’ कसं चपखल बसलं! ‘सेरान’ अधिक धातुसाधित म्हणजे आपलं ‘करण्यात येईल’. कोण कमी करणार हे दोन्ही भाषांत सोयीस्करपणे गुलदस्त्यात. आणि ‘प्रेसेन्तेन’ हे रूप का, ‘प्रेसेन्तान’ का नाही? कारण ते शिक्षक कोण, हे अजून ठरलेलं नाही; नियम लिहिताना हजर न राहणारा माणूस कल्पनेतलाच असतो. या रूपाचं नाव सुबहुन्तिबो. व्याकरणाच्या वर्गात हे प्रकरण इच्छा आणि भावनांची उदाहरणं देऊन शिकवतात. मला वाटतं ते नियमांच्या भाषेतून जास्त लवकर कळतं.

तिसरी गोष्ट बारीक, पण तिच्याशिवाय बातमी चुकीची समजते. ‘एल गोबिएर्नो आब्रिआ सुस्पेन्दिदो ला एबालुआसिओन’. व्याकरणाचं पुस्तक सांगेल की ‘आब्रिआ’ म्हणजे ‘असतं’: सरकारने परीक्षा स्थगित केली असती. बातमीत तसं नसतं. तिथे हे रूप म्हणजे बातमीदाराने अंगावर न घेतलेली माहिती. आपले पेपर लिहितात ना, ‘सरकारने परीक्षा स्थगित केल्याचे समजते’. ते ‘समजते’ म्हणजेच हे ‘आब्रिआ’. मेक्सिकोत असा गोंधळ खरोखर झालाही होता. २९ मे २०१५ रोजी शिक्षणखात्याने एका छोट्या पत्रकात मूल्यमापन बेमुदत स्थगित केल्याचं जाहीर केलं. ७ जूनला निवडणुका झाल्या, आणि लगेच खात्याने सांगितलं की मूल्यमापन ठरल्याप्रमाणे होणार. हे दहा दिवस वाचनाच्या सरावासाठी उत्तम आहेत: मजकूर थोडा, पात्रं तीच, आणि प्रत्येक बातमीत भूत, वर्तमान, भविष्य तिन्ही काळ.

एकच घटना दोन पेपरांत वाचण्याचा सराव तर जरूर करा. ‘ला होर्नादा’ हा डावीकडे झुकलेला पेपर, तो आंदोलकांची बाजू सविस्तर देतो; ‘एल उनिबेर्साल’ किंवा ‘मिलेनिओ’ त्याच्या शेजारी ठेवा. एकीकडे शिक्षक ‘से मानिफिएस्तान’ म्हणजे निदर्शनं करतात, दुसरीकडे तेच शिक्षक ‘ब्लोकेआन’ म्हणजे रस्ता अडवतात. पहिल्या वाचनात कोश बंद ठेवा. फक्त क्रियापदं अधोरेखित करा आणि प्रत्येकाचा कर्ता कोण ते लिहा. दुसऱ्या वाचनात आकडे बघा, कोणत्या पेपराने कोणता आकडा वर घेतला. कोश तिसऱ्या वाचनात, आणि तोही पाच शब्दांपुरता. वीसेक मिनिटांचं काम आहे. रोज जमलं नाही तरी चालेल, पण विषय बदलू नका.

मेक्सिको पचल्यावर स्पेनकडे वळलात तर जमीन थोडी हलेल. तिथे सेकुन्दारिआ चार वर्षांची आणि बाचियेरातो दोनच वर्षांचं. परीक्षेत नापास होणं मेक्सिकोत ‘रेप्रोबार’, स्पेनमध्ये ‘सुस्पेन्देर’. म्हणजे मेक्सिकोत जे क्रियापद परीक्षा स्थगित करतं तेच माद्रिदमध्ये विद्यार्थ्याला नापास करतं. स्पेनमध्ये सरकारी शिक्षक होण्यासाठीची स्पर्धा म्हणजे ‘ओपोसिसिओनेस’, आणि ती देणारे ‘ओपोसितोरेस’. लॅटिन अमेरिकेच्या बातम्यांतून आलेला वाचक त्यांना सरकारचे विरोधक समजून बसतो, आणि मग वाक्यावाक्याला प्रश्न पडतो की हे विरोधक एवढा अभ्यास का करतायत. ही परीक्षा आणि त्यानंतरचा उमेदवारीचा काळ पार केला की स्पेनमधला शिक्षक कायमचा सरकारी नोकर होतो; पेर्मानेन्सिआसारखी टांगती तलवार नाही. त्यामुळे तिथल्या बातम्यांत भांडण असतं ते वर्षानुवर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर राहिलेल्या ‘इन्तेरिनोस’चं.

पेरू तर कादंबरीच आहे. तिथे २०१७ च्या शिक्षकसंपात कामगिरीच्या मूल्यमापनाला विरोध हा मोठा मुद्दा होता. त्या संपाचं नेतृत्व करणारे काहामार्काचे प्राथमिक शिक्षक पेद्रो कास्तियो २०२१ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये पदावरून हटवलेही गेले. २०१७ च्या बातम्यांत त्यांचं नाव साध्या संपनेत्याचं म्हणून येतं. पुढचं माहीत असलेल्या वाचकाला त्या ओळी वेगळ्याच वाटतात.

आणि ताजं काही हवं असेल तर मेक्सिकोतच परत या. मे २०२५ मध्ये कोओर्दिनादोराने संप पुकारून राजधानीच्या सोकालो चौकात तंबू ठोकले. अशा ठिय्याला तिथे ‘प्लान्तोन’ म्हणतात. या वेळी परीक्षा मागे पडली होती आणि मुख्य मागणी होती २००७ चा पेन्शनचा कायदा रद्द करण्याची, ज्याने कर्मचाऱ्यांना वैयक्तिक खात्यांच्या पद्धतीत ढकललं. जुनी पेन्शन योजना आणि एनपीएस यांवर महाराष्ट्रात मार्च २०२३ मध्ये झालेला संप आठवत असेल तर या बातम्यांचा पहिला परिच्छेद तुम्हाला कोशाशिवाय कळेल. सुरुवातीला ‘पेन्सिओन’, ‘हुबिलासिओन’ आणि ‘कुएन्तास इन्दिबिदुआलेस’ एवढे तीन शब्द पुरतात: निवृत्तिवेतन, निवृत्ती आणि वैयक्तिक खाती.